उशाशी उभी राहणारी

"न्हाय म्हंजे न्हाय. म्या त्या टेबलावर चढणार न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि पदर घट्ट ओढून बाकावर बसून राहिल्या.

मुरुम गावाजवळच्या त्या छोट्या सरकारी दवाखान्यात श्रावस्तीला नर्स म्हणून रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. द्वारकाबाईंची पाळी जाऊन पंधरा वर्षं लोटली होती आणि आता चार महिन्यांपासून पुन्हा रक्त जात होतं. आतून तपासणी व्हायलाच हवी होती. याआधी दोनदा त्या टेबलापर्यंत येऊन माघारी गेल्या होत्या. आजही गेल्या तर पुन्हा येणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यात बाई डॉक्टरची जागा रिकामी, म्हणून तपासणार होते ते तिशीतले डॉ. नंदीश.

घरचं माणूस जवळ असलं की धीर येतो, असं श्रावस्ती शिकली होती. म्हणून तिने मोठ्या शहाणपणाने सुनेलाच आत उभं केलं होतं. सून अयोध्या बिचारी जीव तोडून सांगत होती, "आत्याबाई, दोन मिन्टाचं तर काम हाय." ती जितकं विनवी, तितक्या आत्याबाई आणखी आक्रसून बसत.

तेवढ्यात चांगुणा मावशी आत आल्या. सव्वीस वर्षं त्या इथे आया होत्या. त्यांनी एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"अयोध्या, बाळ, रगत तपासायच्या खिडकीला नंबर लाव जा. मागनं लई गर्दी व्हती."

सून गेली, दार लागलं आणि द्वारकाबाईंचे खांदे सैल पडले. श्रावस्तीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ज्या सुनेवर वीस वर्षं दरारा ठेवला, तिच्याच देखत ही बाई उघडी कशी पडणार होती? श्रावस्तीला स्वतःचा भयंकर राग आला.

"सिस्टर, कडी लावा. साहेब पडद्याआड हायेत, म्या बोलवल्याबिगर येणार न्हाईत," मावशी म्हणाल्या. मग द्वारकाबाईंजवळ वाकल्या. "माय, लुगडं फेडायचं न्हाय. नुसता कासोटा सोडा, वरनं ही चादर. म्या तुमच्या उशाशी हाय, तुमच्या तोंडाकडं बघणार. तुमी थांबा म्हणलं की साहेब थांबणार."

"डाक्टर ऐकल व्हय माझं?"

"ऐकल की."

द्वारकाबाई टेबलावर चढल्या. डॉ. नंदीश आले. प्रत्येक वेळी आधी सांगून मगच हात लावत होते. उशाशी मावशी यंदाच्या करडईबद्दल विचारत होत्या आणि द्वारकाबाई डोळे मिटून एकेका शब्दात उत्तर देत होत्या.

मध्येच पुटपुटल्यासारखं आलं, "थांबा."

डॉक्टर कामात गढलेले, त्यांना ऐकूच गेलं नाही.

"साहेब, हात काढा," मावशी म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. पण डॉक्टरांनी तत्काळ हात मागे घेतला आणि ते गुमान स्टुलावर बसून राहिले. एका आयाने हुकूम सोडावा आणि डॉक्टरने तो मुकाट ऐकावा, हे श्रावस्तीने कधी पाहिलं नव्हतं. खोलीत कुणीच घाई करेना. मावशी द्वारकाबाईंच्या कपाळावरचा घाम टिपत होत्या. सव्वीस वर्षांत अशा किती कपाळांवरून हा हात फिरला असेल, असं श्रावस्तीच्या मनात आलं. केसपेपरवर मावशींचं नाव लिहायला रकानासुद्धा नव्हता.

बऱ्याच वेळाने द्वारकाबाईंनी आपणहून डोळे उघडले.

"करा आता."

तपासणी पार पडली. डॉक्टरांनी विचारून तपासणीला पाठवायला आतला छोटा तुकडा काढून घेतला. द्वारकाबाई उठून चादर गुंडाळून बसल्यावर डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "आजी, पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. कशाची ते तपासून कळेल. आज आलात ते फार बरं केलंत."

द्वारकाबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "कासोटा घालायचाय."

मावशी भिंतीकडे वळल्या. श्रावस्ती वळली. आणि तिने पाहिलं, डॉ. नंदीशही उठून, हातमोजे न काढताच, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. मागे लुगड्याची सळसळ चालली होती. नऊवारी नेसायला वेळ लागतो. बाहेर रांगेतून कुणीतरी दारावर थाप मारली, तरी तिघांपैकी कुणी हललं नाही.

मग मागून खणखणीत आवाज आला, "हं, वळा."