हिच्या स्वप्नांची दुसरी प्रत

माझ्या मेहुणीनं मला एक पत्र पाठवलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र छोटंसंच होतं. 'भाऊजी, ताईची स्वप्नं तुम्ही टाइप करून ठेवता असं ती म्हणते. त्यांची एक प्रत माझ्याकडे पाठवा. कित्येकांत मी आहे म्हणे, म्हणजे थोडा हक्क माझाही आहे. शिवाय तुमच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा काही भरवसा नाही.' मी ते शब्दकोशात घालून ठेवलं आणि आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. आळस म्हणावा तर तसंही नव्हतं.

लग्न झाल्यापासून सकाळच्या चहाबरोबर ही मला रात्रीचं स्वप्न सांगायची. सुरुवात नेहमी मधूनच. "मग ती शिडी ओली झाली," असं म्हणायची, आणि कुठली शिडी हे विचारलं तर वैतागायची. मी ग्रंथालयात सूचीकार होतो. हाती येईल त्याला शीर्षक द्यायचं आणि जागेवर लावायचं, ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. म्हणून मी तिची स्वप्नं टिपायला लागलो, प्रत्येकाची वेगळी फाइल. 'पाण्यावरची शाळा'. 'आवाजांचं कपाट'. 'मासे, जिन्यावर'.

मग हिचं ऑपरेशन झालं, झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि स्वप्नं थांबली. पाटी पुसून ठेवल्यासारखी उठते मी, असं ती म्हणाली. पुढे एका दुपारी तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, माझं एखादं वाचा ना."

तेव्हापासून दुपारच्या चहाला एक स्वप्न असा आमचा परिपाठ झाला. ही डोळे मिटून ऐकते. पडदा फुगतो, बसतो. उन्हाचा तुकडा फरशीवरून तिच्या पावलांपर्यंत येतो आणि जणू तोही ऐकायला थांबतो. वाचून संपलं की आम्ही दोघं थोडा वेळ कुठल्याशा ओल्या शिडीवरून जपून उतरत असतो.

पण वाचताना माझ्या मनात पाल चुकचुकायची. ही स्वप्नं तिची की माझी? तिची अर्धी वाक्यं मी पुरी केली होती, क्रियापदं जागेवर आणली होती, कुठे एखादा शब्द निव्वळ मला आवडला म्हणून घातला होता. मेहुणी लहानपणी हिच्या शेजारी झोपायची, हिची झोपेतली बडबड ऐकत वाढलेली. तिनं वाचून 'यात ताई कुठाय?' असं विचारलं असतं तर मला बोट ठेवून दाखवता आलं नसतं. पत्र शब्दकोशात राहिलं ते त्यामुळे.

एका सकाळी कॉम्प्युटरमधून टकटक ऐकू येऊ लागली, आतून कुणी नखानं दार वाजवावं तशी. दुपारपर्यंत त्याचा पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्यानं यंत्र ठेवून घेतलं. डिस्क गेली आहे की जाते आहे ते उघडल्यावर कळेल, म्हणाला. मी निर्धास्त होतो. माझ्याकडे पेनड्राइव्ह होता. दर रविवारी मी त्यात नवीजुनी सगळी स्वप्नं भरत होतो, आणि लावून पाहिलं की एकेक व्यवस्थित उघडत होतं.

तो घेऊन मी शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो. हे निवृत्त दंतवैद्य. त्यांच्या लॅपटॉपवर सगळी शीर्षकं ओळीनं दिसली. मी पहिलं उघडलं. फाइल सापडत नाही. दुसरं. फाइल सापडत नाही. डॉक्टर दाढ तपासावी तसे पडद्यावर झुकले.

"चित्राच्या कोपऱ्यात हा छोटा बाण दिसतोय का? हे शॉर्टकट आहेत. तुम्ही नुसत्या पाट्या उचलून आणल्यात, घरं तिकडेच राहिली."

पटकन सापडावीत म्हणून मी प्रत्येक स्वप्नाचा शॉर्टकट करून समोर मांडला होता, आणि रविवारी तेच पेनड्राइव्हमध्ये ओढत होतो. माझ्या टेबलावर ते उघडायचे, कारण खरी फाइल तिथेच असायची. ग्रंथालयात लोक कार्डावरचा क्रमांक मिळाला की पुस्तकच मिळाल्यासारखे खूश व्हायचे. मी त्यांना समजावायचो, कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

घरी आलो तेव्हा कॉम्प्युटरच्या जागी टेबलावर धुळीची चौकट होती. ते सगळे इवलेसे बाण या चौकटीकडे बोट दाखवत होते.

दुपारी चहा झाला. हिनं डोळे मिटले. "मासे वाचा. जिन्यावरचे."

माझ्याच्यानं खरं सांगवेना. डॉक्टरांकडून छापून आणल्यासारखा मी कोरा कागद समोर धरला आणि आठवेल तसं वाचू लागलो. आठवेना तिथे रचलं. जिन्यावर पाणी आणलं, पाण्यात चंद्र आणला, माशांना रुपेरी केलं. वाक्यं बरी साधली होती असं मला वाटलं. ही ऐकत राहिली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "छान आहे. पण हे माझं नाही."

मी कागद खाली ठेवला.

"माझ्या जिन्यावर पाणी नव्हतं. कोरडा होता, आणि तरी मासे जिवंत होते. आई ते ओच्यात वेचत होती, आणि मला म्हणत होती, पायाखाली बघ. चंद्रबिंद्र काही नव्हता. परवा वाचलंत तेव्हाही नव्हता." तिनं डोळे उघडले. "काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. ती कप बशीत फिरवत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "बाकीची गेली तरी चालतील," शेवटी म्हणाली, "पण आईचा आवाज आता मला तेवढ्या एकातच ऐकू येतो." मग कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

त्यानंतरच्या दुपारी आम्ही चहा नुसताच प्यायलो. ऊन यायचं, थांबायचं, पुढे जायचं. हिनं मला माझी वाक्यं परत केली होती आणि स्वतःचं स्वप्न ठेवून घेतलं होतं. म्हणजे इतके दिवस मी जे वाचत होतो ते तिचंच होतं, नाहीतर तिनं केव्हाच मला अडवलं असतं. हे मला कळलं, पण ते कळण्याचा उपयोग फायली असतील तरच होता.

दुरुस्तीवाल्याचा फोन आला. डिस्क निकामी झाली होती, पण त्याआधी त्यानं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. ही फोनशेजारीच उभी होती. "मासे आहेत का विचारा," म्हणाली. मी विचारलं. दुरुस्तीवाला गोंधळला, पण त्यानं पाहिलं. मासे होते.

संध्याकाळी डॉक्टर सल्ला द्यायला आले. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क भरून झाली की काढून ठेवायची. तिसरी घराबाहेर, लांब. चोरी झाली, आग लागली, तर एकाच घरातल्या दोन्ही एकदमच जातात. ही तिसरी इंटरनेटवर ठेवता येते, असं त्यांनी सुचवलं.

"परक्याच्या माळ्यावर माझी स्वप्नं?" ही म्हणाली.

डॉक्टरांनी कुलूप, पासवर्ड सगळं समजावलं. मी पासवर्ड विसरलो तर काय, असं विचारलं. विसरलात तर कुलूप तुम्हालाही उघडणार नाही, असं ते सरळ म्हणाले. मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे.

"लांबच हवं ना? मग कुणातरी माणसाकडे ठेवू," ती म्हणाली. "पण कुणाकडे?"

मी उठून शब्दकोश काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, उलटं करून तारीख पाहिली.

"शब्दकोशात ठेवलंत आणि तरी उत्तराला शब्द सापडले नाहीत?"

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

दोन डिस्क आणल्या. या खेपेस फायलीच भरल्या. मग दोन्ही डॉक्टरांच्या लॅपटॉपवर लावल्या आणि हिला शेजारी बसवून एकेक स्वप्न उघडून पाहिलं. ही मधेच थांबवून वाचायला लावायची, त्यामुळे काम आटपेना, आणि कुणाला घाईही नव्हती.

मेहुणीला लिहिलं: 'हिची स्वप्नं पाठवतो आहे. उशीर झाला. वाक्यं कुठेकुठे माझी आहेत, ती सोडून द्या. आपल्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून पाहा आणि उघडतात का ते कळवा. मग कपाटात ठेवा.' खाली हिनं आपल्या हातानं लिहिलं, 'ओली शिडी पहिली वाच. तिच्यावर तू आहेस.'

डिस्क लोकरीच्या जुन्या मोज्यात गुंडाळली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत फुटण्यासारखं काही आहे का. मी हो म्हणालो. त्यांनी पाकिटावर लाल शिक्का मारला आणि ते मागच्या टोपलीत अलगद ठेवलं.