रेघेची जाडी

नकाशावरची लाल रेघ एक मिलिमीटरला जराशी कमी भरत होती. भिंगाखाली तिच्या दोन्ही कडा सारख्या नव्हत्या. शाळेकडची कड सुरीने कापल्यासारखी साफ होती, आणि घरांकडची थोडी फुटलेली, कागदाने तिथली शाई पिऊन टाकल्यासारखी. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दोन मीटर. कागदावर जिची जाडी डोळ्यांना जाणवतही नाही, ती रेघ रस्त्यावर उतरली की एक माणूस आडवा झोपेल एवढी रुंद होत होती.

शहराच्या नियोजन आयोगाच्या नव्या नियमावलीत लिहिलं होतं, ‘रस्त्याची हद्द नकाशातील लाल रेघेपासून धरावी.’ रेघेच्या कुठल्या कडेपासून, हा प्रश्न लिहिणाऱ्यांच्या मनातही आला नसणार. रेघेला जाडी नसते असं शाळेत शिकवतात, आणि आयोगातले आम्ही सगळे शाळेत हुशार होतो.

बाकीच्या रस्त्यांवर यामुळे काही बिघडत नव्हतं. तिथे दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. रेघ इकडून धरा की तिकडून. अडलं ते एकाच गल्लीत. तिथे एका हाताला शाळेची लांब भिंत आणि दुसऱ्या हाताला खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी एकमेकांना चिकटलेली घरं. रेघ या घरांच्या पुढच्या खोल्यांवर पडली होती. तिची शाळेकडची कड धरली तर घरं जशीच्या तशी राहत होती, पण शाळेच्या भिंतीलगत फुटपाथला जागा उरत नव्हती. घरांकडची कड धरली तर रस्ता तिकडे सरकून शाळेलगत फुटपाथ होत होता आणि पुढच्या खोल्या दोन मीटर कापल्या जात होत्या. नुसतं कापून भागणार नव्हतं. दुकान चालवायला जागेची किमान लांबी किती हवी, हेही त्याच नियमावलीत नव्याने ठरवलं होतं. कापलेली घरं त्यात बसत नव्हती. त्यांत राहता आलं असतं, दुकान चालवता आलं नसतं.

त्या ओळीतलं तिसरं घर माझ्या आत्याचं. खालच्या खोलीत ती शिलाई मशीन दुरुस्त करते.

मी आयोगाच्या मोजणी विभागाची प्रमुख. मला मतदानाचा हक्क नाही, तो सभासदांना; मी मोजून काय करावं ते सुचवायचं. विषय पहिल्यांदा निघाला तेव्हाच मी उभी राहून सांगितलं, की या गल्लीत माझ्या आत्याचं घर आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाकडे द्या.

“दुसरं आहे कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या निवृत्त डॉक्टर, आणि अजूनही समोरच्याचा आजार ऐकत असल्यासारख्या मान कलती ठेवून बसतात.

मोजणी विभागात माझ्याखेरीज एक रिकामी खुर्ची होती.

“या शहरात कोणाची तरी आत्या राहत नाही असा रस्ता दाखवा,” वकील सभासद म्हणाले. “मग सगळे रस्ते तिथूनच काढू.”

लोक हसले आणि काम माझ्याकडेच राहिलं.

आयोगाची एक रीत आहे. मोजणी विभागाचं मत आल्याखेरीज सभासद आपलं मत सांगत नाहीत. ‘मोजणी चालू आहे’ एवढं म्हटलं, की विषय आपोआप पुढच्या बैठकीला जातो. कोणी का म्हणून विचारत नाही. ही रीत घाईने चुका होऊ नयेत म्हणून पडली असावी. मी तिच्यावर आरामात बसले होते. आराम हा शब्द खरा नाही. घरी मी भाजी चिरताना फोडी सारख्या आहेत का बघत होते, दाराच्या चौकटीला टेप लावत होते. नवरा म्हणाला, “दार वाढलेलं नाही. मी सकाळीच बघितलं.”

एका संध्याकाळी आत्याकडे गेले. दारात पाऊल टाकलं की तेलाचा वास येतो. भिंतीवर पट्टे टांगलेले, टेबलावर एखादं मशीन पोट वर करून पडलेलं. लहानपणी मी या टेबलाखाली बसून तिला चिमटे आणि पाने काढून द्यायचे. सुई आणि हूक यांच्यातलं अंतर ती कागदाची पट्टी सरकवून बघायची, आणि मग ती पट्टी माझ्या हातात देऊन म्हणायची, बघ, एवढंच. त्या दिवशी टेबलावर एकच मशीन होतं आणि मागचं फडताळ रिकामं.

“काय फूटपट्टी, आलीस?” आत्या म्हणाली.

“मशीनं कुठे गेली सगळी?”

“नवीन घेतच नाही मी. दुकान राहतंय की जातंय ठाऊक नाही, आणि लोकांची मशीनं उघडून ठेवून बसू? उद्या कोणी आलं तर पोतं भरून स्क्रू देऊ का त्यांना?”

“अजून काही ठरलेलं नाही, आत्या.”

“तेच म्हणते मी. ठरत कसं नाही? तुझं लग्न याहून लवकर ठरलं, आणि तेव्हा तर तू नवऱ्याची उंचीसुद्धा मोजून घेतली होतीस.”

“मोजली नव्हती. विचारली होती.”

“तेच ते. आत्ता कुठे अडलंय?”

“मोजमापात थोडी चूक राहतेच. म्हणून पुन्हा मोजावं लागतं.”

“दोनदा मोजलंस ना? मग तिसऱ्यांदा काय, टेप लांबणार आहे?”

मी रिकाम्या फडताळावरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. रोज पुसत होती ती.

“तुला काय वाटतं, काय व्हावं?” मी विचारलं.

आत्याने हातातला पाना खाली ठेवला. “मला विचारू नकोस. मला विचारलंस तर मी दुकानच म्हणणार. समोरून पोरं कशी जातात ते मी रोज बघते, इथेच तर बसलेली असते. तरी दुकानच म्हणणार. मी काही संत नाही. म्हणून विचारू नकोस. काय ते ठरवा आणि सांगा. मला हे असं टांगून ठेवू नका, एवढंच.”

तिने ‘ठरव’ म्हटलं नाही, ‘ठरवा’ म्हटलं. मला आयोगात धरलं होतं.

पुढच्या बैठकीत मी पुन्हा ‘मोजणी चालू आहे’ म्हणणार होते, तेवढ्यात वकील खुर्चीत पुढे सरकले.

“एक सुचवू? रेघेला दोन कडा आहेत म्हणून भांडण आहे. मग मध्य धरू की. एक मीटर यांचा, एक मीटर त्यांचा. कोणाचंच फार गेलं नाही, कोणाला फार मिळालं नाही.”

खोलीतली हवा एकदम हलकी झाली. कोणीतरी चहा सांगितला. अध्यक्षबाईंनी मान सरळ केली. मध्य म्हटल्यावर मलाही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ना आत्याच्या विरुद्ध बोलायचं, ना तिच्या बाजूने.

“तेवढं एकदा जागेवर बघून घ्या, मॅडम,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी संपवून टाकू.”

शाळा सुटायच्या वेळी मी गल्लीत गेले. मुख्याध्यापिका फाटकाबाहेर हात आडवा धरून उभ्या होत्या. मुलं एकामागे एक, भिंतीला घासत चालली होती. भिंतीवर दप्तरांच्या उंचीला एक लांब पट्टा गुळगुळीत झाला होता. बाकीची भिंत खरबरीत, तेवढीच चकचकीत. गाड्या हळू जात होत्या, पण जागाच नव्हती. काही चालक इथे आल्यावर बाजूचा आरसा हाताने आत मिटवत.

“सगळे मिटवत नाहीत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात एकीच्या खांद्याला लागला. फार नाही. हात वर होतो तिचा आता.”

“आम्ही मध्य धरायच्या विचारात आहोत,” मी म्हणाले. “एक मीटर फुटपाथ मिळेल.”

त्यांनी भिंतीकडे बघितलं. “हे खांब धरून की सोडून?”

विजेचे खांब भिंतीला लागून ओळीने उभे होते. त्यांच्या बुडाला सिमेंटचे चौथरे. नकाशावर ते बारीक ठिपके होते. मी टेप काढला. चौथऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून पुढे एक मीटरच्या खुणेपर्यंत जे उरत होतं त्यात माझी दोन पावलं शेजारी शेजारी मावत होती, दप्तर घेतलेलं मूल मावत नव्हतं. प्रत्येक खांबाशी त्याला रस्त्यावर उतरावंच लागणार होतं. वाहनांची जागा कमी करून फुटपाथ वाढवावा, तर अग्निशमन दलाची गाडी अडत होती. ते मी आधीच तपासलं होतं.

तिथूनच समोर आत्याच्या दुकानात गेले. “खडू आहे?”

आत्याकडे कपड्यावर खुणा करायचा खडू असतोच. मी जमिनीवर टेप पसरून मध्याची रेघ काढली. ती कामाच्या टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधून गेली. आत्या डोक्याला लावलेला चष्मा खाली ओढून बघत होती.

“ही तुमची मधली?”

“हो.”

“म्हणजे टेबलाचे दोन पाय माझे आणि दोन पोरांचे.”

मी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत लांबी मोजली. मग नियमावलीतला आकडा आठवला, वजाबाकी केली, पुन्हा केली. एक मीटर कापली काय आणि दोन मीटर कापली काय, दुकानाला लागणारी किमान लांबी उरतच नव्हती. मध्य धरला तर आत्याचं दुकान जाणार होतं आणि मुलांना फुटपाथ मिळणार नव्हता. ज्यावर सगळ्यांनी चहा घेतला होता ती एकच अशी जागा होती जिथे कोणालाच काही मिळत नव्हतं.

“काय झालं?” आत्याने विचारलं.

“काही नाही. वजाबाकी.”

“तोंडावरून भागाकार वाटतोय.”

मी खडू परत दिला. तिने ती रेघ पुसली नाही. दाराकडे जाताना मी तिच्यावर पाय पडू नये म्हणून लांब टांग टाकली, आणि आत्या म्हणाली, “अगं, खडूच आहे तो.”

बैठकीच्या दिवशी नागरिकांच्या खुर्च्यांमध्ये मागच्या रांगेत आत्या बसली होती. धुतलेले हात मांडीवर, नखांच्या कडेला तेल तसंच. तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून मुख्याध्यापिका. दोघी एकमेकींना रोज बघतात. त्या दिवशी दोघींनी मान हलवली आणि समोर बघायला लागल्या. मी पेन उघडत होते आणि मिटत होते. शेजारच्या कारकुनाने ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

“मध्य, ठरलं ना?” वकील म्हणाले. “पुढचा विषय घ्यायला मोकळे.”

“मोजणी विभागाचं मत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी नकाशा भिंतीवर लावला. खांबांचे ठिपके दाखवले, त्यांचे चौथरे खऱ्या मापाने काढून चिकटवलेले दाखवले. मग घरांची लांबी दाखवली. बोलताना आवाज नेहमीसारखा आला याचं मला नवल वाटलं.

“म्हणजे मध्य धरला तर दुकानं जातात,” वकील सावकाश म्हणाले, “आणि मुलं तरी रस्त्यावरच.”

“हो.”

“मग दुकानांच्या लांबीत थोडी सूट द्यावी. या गल्लीपुरती.”

“ती सूट मी सुचवू शकत नाही,” मी म्हणाले. “त्यातलं एक दुकान माझ्या आत्याचं आहे.”

“मीही नाही देऊ शकत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “एका गल्लीला दिली की उद्या सगळं शहर दारात उभं राहील, आणि त्यांचं चुकणारही नाही. नियम याच आयोगाने केला आहे.” त्या माझ्याकडे वळल्या. “मॅडम, तुम्हाला आणखी मोजायचं आहे का?”

त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर विषय पुढच्या बैठकीला गेला असता, आत्याचं फडताळ आणखी महिनाभर रिकामं राहिलं असतं आणि मुलं भिंत घासत राहिली असती. मागे खुर्ची करकरली. आत्या नीट बसत होती. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला विचारल्यासारखं झालं असतं, आणि तिचं उत्तर मला ठाऊक होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मोजणी संपली आहे.”

“मग सांगा. हद्द मध्यापासून धरायची नाही. शाळेकडची कड, की घरांकडची?”

टेबलावरचं भिंग मी उगाच उचललं होतं, ते खाली ठेवलं.

“घरांकडची.”