मोठ्या सुनेची चप्पल

बाळ मांडीवर झोपलं की माझी हालचाल संपते. उजव्या पायाला मुंग्या, पाठीला भिंत आणि टीव्हीचा आवाज बंद. समोरच्या खुर्चीत सासूबाई. सहा महिने आम्ही दोघी जुन्या मालिका, जुने सिनेमे असेच मुक्यानं बघतोय. आज सुट्ट्यांत दरवर्षी लागणारा तो कौटुंबिक सिनेमा होता.

"आता बघ हं, मोठी सून," सासूबाई कुजबुजल्या.

सगळं घर सहलीला निघालं होतं. मोठी सून दारात उभी राहून हसत सांगत होती, तुम्ही जा, मी थांबते घरी, मला आवडतं. संवाद आम्हाला पाठ.

"तोंडाकडे काय बघतेस? पाय बघ."

निऱ्यांखालून पाऊल पुढे आलं. चाचपडत त्यानं चप्पल शोधली, अंगठा अडकवला आणि हळूच मागे घेतला. इतक्या वर्षांत मला हे दिसलंच नव्हतं.

"नायिका रडताना आपण कशा दिसतोय तेच बघते. काम केलंय ते हिनं. पण हिला कोण विचारतंय!"

मला मात्र घड्याळ दिसत होतं. चारच्या आत प्रयोगशाळेला कळवायचं होतं: सोमवारपासून येणार, की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची? रक्ताचे नमुने घेण्यात, तपासण्यात सात वर्षं गेली माझी. नवरा म्हणाला होता, "तुझं तू ठरव, पण बाळाला कोण बघणार?" त्या 'पण'च्या पुढे मी गेलेच नाही. सासूबाईंना विचारायचं तर त्यांचे गुडघे असे.

पावणेचारला फोन लावला. "मॅडम, नाही जमणार. बाळ लहान आहे अजून. छे, वाईट कसलं? घरी छान चाललंय. मला आवडतंय." वर हसलेसुद्धा.

"बरं. चारला तसं वर कळवते," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवला तर सासूबाई टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होत्या.

"हे काही जमलं नाही."

"काय, आई?"

"तोंड बरं होतं. हात बघ."

प्रयोगशाळेच्या ओळखपत्राची नाडी. शेजारच्या पिशवीतून मी ती कधी ओढली, देव जाणे. रक्त घेताना दंडाला पट्टा आवळावा तशी बोटाला गच्च गुंडाळली होती. बोटाचं टोक जांभळं पडलं होतं.

"सहा महिने मला वाटलं, तुला खरंच आवडतंय," त्या म्हणाल्या. "चांगलं काम केलंस हो. आज फसलीस."

"तुमचे गुडघे, आई..."

"त्याला काय गुडघ्यांवर वाढवायचंय? मांडी शाबूत आहे माझी. आण इकडे."

"रडला तर?"

"रडेल की! त्याला कुठं अभिनय येतोय?"

उचलताच बाळानं भोकाड पसरलं. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेऊन थोपटायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातानं टीव्हीचा आवाज वाढवला. मी उभी राहिले तर उजवा पाय लटपटला. भिंत धरत, लंगडत दाराबाहेर आले. चारला सहा मिनिटं होती. पुन्हा फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. आत बाळ, नायिका आणि सासूबाई, तिघांचेही आवाज टिपेला.

"मॅडम," मी म्हणाले, "मघाशी मी..."

"मोठ्यानं बोल गं!" आतून हुकूम आला.