बुडाला लागलेलं दूध

मी पातेली बोलतेय, दुधाची. अॅल्युमिनियमची, जाड बुडाची, काठाला एका बाजूला चोच असलेली. सगळा जन्म दुधात गेला, पण गोड काही ऐकायला मिळेल म्हणून थांबू नका. माझं तोंड कधीचंच कडू पडलंय.

कारखान्यात फिरत्या साच्यावर पत्र्याची चकती दाबली, कड मुडपली, कान ठोकले, की झाले मी. दुकानात मला निवडलं ते एका आईनं. बुडावर टिचकी मारली, कानाशी धरली आणि लेकीला म्हणाली, "ही घे. मजबूत आहे." त्या लेकीच्या संसारात मी आले. लेक हाताची चपळ, पण मनानं भित्री. दूध तापेपर्यंत माझ्यासमोरून हलायची नाही.

मग बाळ झालं. रांगायला लागलं, दात येऊ लागले, आणि घराची झोप उडाली. घराची म्हणजे तिची. बाळाचा बाप बस चालवतो. पहाटे कामावर जायचं, दुपारी येऊन आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. "मला उठवू नका, उद्या गाडी हातात असते," असं त्याचं म्हणणं. हिच्या हातात काय असतं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

एका दुपारी तिनं मला बारीक गॅसवर ठेवलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकली. तिचा डोळा लागला. दूध आटलं, बुडाला लागलं, काळं कुट्ट झालं. धुरानं बाळ खोकलं तेव्हा ती दचकून उठली. नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात. त्या थोरल्या मुलाकडे राहतात, अधूनमधून येऊन इकडची पाहणी करून जातात.

"गेल्या वेळीही हाच वास," त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या. "पातेलीकडे लक्ष राहत नाही, लेकराकडे काय राहणार? रविवारी येते मी. तेव्हाही घराची हीच कळा असली, तर बाळाला घेऊन जाते. थोरल्या सुनेचा हात बसलाय मुलं सांभाळण्यात."

बाळाचा बाप डोळे चोळत बाहेर आला. तिनं त्याच्याकडे आशेनं पाहिलं.

"आई म्हणते ते काही खोटं नाही," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन परत आत गेला.

रविवारच्या आत मला लख्ख करायचं, याखेरीज मग तिला काही सुचेना. शेजारची शिवणवाली माप घ्यायची टेप गळ्यात तशीच ठेवून आली.

"अगं, सोडा टाक, सोडा! पाण्यात उकळ आणि ठेव झाकून. माझं बघ, लग्न झाल्यापासून नवरा करपला, पण भांडं करपलं नाही."

ती हसली. किती दिवसांनी हसली होती! पण शिवणवालीची भांडी स्टीलची आणि मी अॅल्युमिनियमची, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. सोड्यानं थर थोडा सुटला, पण उरलेलं माझं अंगही काळवंडलं. ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग जो तो शहाणा झाला. जाऊबाईंनी फोनवर राख सांगितली. दूधवाला म्हणाला, "वहिनी, मीठ चोळा रात्रभर." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी टूथपेस्ट आणून दिली, वर म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हं, आम्ही भांडी करपवतच नव्हतो." सगळे मला हातात घेऊन उलटंपालटं करून बघायचे. बाळ तिच्या कडेवर रडत असायचं. त्याला मात्र कुणी हात पुढे केला नाही.

रविवारी सकाळी तिनं शेवटचा उपाय केला. लिंबाच्या फोडी आणि मीठ घालून पाणी खळखळ उकळलं, आणि लाकडी उलथन्यानं खरवडायला बसली. बाळाला जवळच चटईवर ठेवलं होतं. काळा थर पापुद्र्यासारखा निघाला. ती आणखी घासू लागली. तिची बोटं सोललेली मला जाणवत होती. अंगावर चमक यायला लागली तशी ती पुटपुटली, "झालंच, राजा, झालंच."

तेवढ्यात बाळ स्टुलाला धरून उभं राहिलं आणि कपाळावर आपटलं.

सासूबाई आल्या तेव्हा मी ओट्यावर आरशासारखी होते आणि बाळाच्या कपाळावर टेंगूळ होतं.

"भांड्याला चकाकी आणि पोराला टेंगूळ! घासत बसलीस तेव्हा लेकराकडे कोण बघत होतं?"

"तुम्हीच तर म्हणालात ना आई, की..."

"मी पोर पाडायला सांगितलं होतं?"

बाळाच्या बापानं कपड्यांची पिशवी भरली. "थोडे दिवसच गं. तुलाही आराम," तो म्हणाला. बाळ आजीच्या खांद्यावरून तिच्याकडे हात करत जिन्यावरून खाली गेलं. ती सोललेल्या बोटांनी कठडा धरून उभी राहिली.

थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. थोरली म्हणते, बाळ रुळलंय, उगाच हलवू नका. इथं माझ्यात आता फक्त चहापुरतं दूध तापतं. ती समोर उभी राहून एकटक बघत असते, थेंबभरही लागू देत नाही. निजायला दुपार मोकळी आहे, पण झोप येत नाही तिला.

माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या घरी करपलेलं भांडं दिसलं, तर सोडा, लिंबू, राख काही सांगू नका. मूल मागून घ्या. म्हणा, "दे इकडे, तू पड जरा." मी तशीच काळी राहिले असते, तरी माझ्यात दूध तापलंच असतं.