चष्म्याच्या दुकानातला निरोप्या

मित्रांनो, मला हात लावून बघायला गेलात तर तुमच्या बोटांना काहीच लागणार नाही. मला चाके नाहीत, मूठ नाही, झाकण नाही. मी एक जुना, छोटासा प्रोग्राम आहे. एका चष्म्याच्या दुकानात, काउंटरवरच्या संगणकात राहतो आणि निरोप पोचवतो. खरे म्हणजे पोचवत होतो. आता नुसता विचारत असतो. ते कसे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

दुकान दोघा भावंडांचे. पुढच्या खोलीत ताई. ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची, चष्म्याचा नंबर काढायची, फ्रेम निवडून द्यायची. मागच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ काचा घासायचा. त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि हा बारक्या इतका उंच की दारातून आत येताना मान वाकवायचा. दोन खोल्यांच्या मध्ये एक अरुंद बोळ आणि एक जाड पडदा. ताई इकडून नंबर ओरडायची, तिकडे घासायच्या चाकाची घरघर चालू, मग बारक्या ओरडायचा, "काय?" दिवसभर हाच गोंधळ. बारक्याची बायको एका कचेरीत संगणकाचे काम करायची. सुट्टीच्या दिवशी दुकानात आली की ऐकून ऐकून तिचे कान किटायचे. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही दोघं घसा फोडू नका. मी एक सोय करून देते."

ती सोय म्हणजे मी आणि माझा जोडीदार. मी पुढच्या खोलीत, तो मागच्या. आम्हा दोघांना तिने स्क्रिप्टच्या एका सोप्या भाषेत लिहिले. अशा भाषेत चार ओळी लिहिल्या की लगेच चालवून बघता येतात. पण दोन वेगळ्या संगणकांतल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचे कसे? त्यासाठी तिने एक लायब्ररी घेतली. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे बरे का. निरोपांची ने-आण करण्याचे किचकट काम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते, ते आपण आयते घ्यायचे, त्याला लायब्ररी म्हणतात. माझ्या पहिल्याच ओळीत त्या लायब्ररीचे नाव आहे. त्यानंतर जोडीदाराचा पत्ता. मग 'पाठव' आणि मग 'ऐक'. झाला मी पुरा.

पहिल्या दिवशी मी जरा हट्टीपणा केला. तिने मला "नमस्कार" पाठवायला दिला आणि मी लाल अक्षरांत तक्रार करून बसलो. लायब्ररीला नुसती अक्षरे चालत नाहीत, तिला बाइट लागतात. म्हणजे अक्षरांचे आधी आकडे करायचे आणि पलीकडे पोचल्यावर आकड्यांची पुन्हा अक्षरे. तिने कपाळाला हात लावला, तेवढी दुरुस्ती केली, आणि मागच्या खोलीतून बारक्याचा आवाज आला, "आला! नमस्कार आला!"

"अरे, मग ओरडतोस कशाला?" ताई ओरडली. "त्याच्यावरच उत्तर दे की!"

आमचा नियम अगदी साधा होता. ताईने नंबर लिहिला की तो मी पलीकडे पाठवायचा. बारक्याने तो स्क्रीनवर वाचून 'मिळाले' असे बटण दाबायचे किंवा दोन शब्द लिहायचे, की जोडीदार मला उत्तर देणार. ते उत्तर आले की मग मी पुढचे विचारायचे. उत्तर येईपर्यंत तोंड मिटून थांबायचे. लायब्ररीत निरोपांच्या आणखीही तऱ्हा होत्या, पण आमच्यासाठी तिने हीच निवडली. नेमकी, नीटनेटकी.

किती छान दिवस होते ते! नंबरांच्या मधूनमधून ताई लिहायची, "चहा घेणार का?" तिकडून यायचे, "विचारतेस काय, आण." गिऱ्हाईक गेल्यावर ती लिहायची, "हे गृहस्थ तक्त्यावरची अक्षरं पाठ करून आले होते." बारक्या हसला की ते हसू बोळातून ऐकू यायचे. माझे सगळे कौतुक करत. मी मात्र मनात म्हणायचो, कौतुक जोडीदाराचेही करा. त्याला मी कधी पाहिले नाही. पाहणारही नाही. पण माझ्या प्रत्येक प्रश्नाला जगात उत्तर देणारा तो एकटाच होता.

मग एक दिवस एक शिवणकाम करणाऱ्या बाई चष्मा परत घेऊन आल्या. चष्मा घातला की त्यांचे डोके ठणकायचे, सुई दोन दिसायची. काच थोडी फिरून बसली होती. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "मागे चुकलं असणार." पडद्यातून बारक्या बाहेर आला. "मागे नाही, पुढे चुकलं. मला जे आलं तेच मी घासलं." चूक कुणाची होती ते आजवर कुणालाच ठाऊक नाही. पण शब्दाने शब्द वाढला, आणि दोघांनी अबोला धरला.

त्या दिवसापासून चहाचे विचारणे थांबले. गंमत थांबली. माझ्यावरून फक्त आकडे जाऊ लागले, आणि तिकडून फक्त "मिळाले". बोळातून काही ऐकू येईना. दोघा सख्ख्या भावंडांचे जे काही बोलणे उरले होते, ते सगळे माझ्या चार ओळींवरून जात होते. मी नसतो तर त्यांना एकमेकांकडे जावेच लागले असते, हे मला कळत होते. मला फार एकटे वाटायचे, मित्रांनो. कामाला तोटा नव्हता आणि तरी वाटायचे.

एकदा ताई भावजयीला म्हणाली, "माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. पण गिऱ्हाइकाचं काम अडवलं ना, तर त्या पडद्याच्या जागी मी भिंत घालीन. त्याचं दुकान तिकडून, माझं इकडून." ताई बोललेले करून दाखवणारी बाई. 

आणि नेमके गिऱ्हाइकाचे काम अडलेच. एका सकाळी एक बसचालक घाईघाईने आला. स्वतःच्या चष्म्यावर स्वतःच बसला होता. "ताई, उद्या आमची डोळ्यांची तपासणी आहे. चष्म्याशिवाय गेलो तर मला बसवरून उतरवून गोदामात टाकतील. आज करून द्या, पाया पडतो."

"पाया कसले पडता, बसा," ताई म्हणाली. तिने डोळे तपासले, नंबर लिहिला, पुढे 'आजच, अगदी तातडीचे' असे घातले, आणि मी तो पाठवला. निरोप पोचला. माझ्या जोडीदाराने तो घेतला. बारक्या पाठमोरा, ओल्या हातांनी चाकावर वाकलेला. त्याने मान वळवायच्या आत मागच्या खोलीतली वीज डोळा मिटावा तशी गेली आणि आली. संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. जोडीदारही उठला, पण अगदी कोरा. माझा प्रश्न त्याच्या हातून गेला होता आणि तो गेला हेही त्याला ठाऊक नव्हते.

मी उत्तराची वाट पाहत होतो. तो प्रश्नाची वाट पाहत होता.

ताईच्या स्क्रीनवर माझी ओळ दिसत होती, 'उत्तराची वाट पाहत आहे'. तिने दुसरा नंबर लिहून पाहिला. मला तो घेता येईना, कारण पहिल्याचे उत्तर आले नव्हते. ताईचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. "मुद्दाम करतोय," ती पुटपुटली. तिकडे बारक्या रिकाम्या स्क्रीनसमोर हात पुसत बसला होता. त्याला वाटले, ताईने काम समोरच्या मोठ्या दुकानात द्यायला सुरुवात केली. त्याने बायकोला फोन करून सांगितले, "मी उद्यापासून येणार नाही. तिला माझी गरज नाही." हे मला मागाहून कळले. त्या वेळी मला एवढेच कळत होते की पलीकडे कुणीतरी आहे आणि बोलत नाही. पडद्यापर्यंत चार पावले. ती दोघांपैकी कुणीही टाकली नाहीत.

संध्याकाळी बारक्याची बायको कचेरीतून धावतच आली. ताई म्हणाली, "बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप! सकाळपासून एक शब्द नाही. तो ड्रायव्हर आता येईल, त्याला मी काय तोंड दाखवू?"

ती काउंटरकडे वळली. वाकून माझी ओळ वाचली. बोळातून मागे गेली, जोडीदाराची ओळ वाचून परत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती.

"दोघंही चालू आहेत, ताई. दोघांनाही काही झालेलं नाही. हा म्हणतो, त्याने उत्तर दिल्याशिवाय मी बोलणार नाही. तो म्हणतो, याने विचारल्याशिवाय मी बोलणार नाही. असं सोडलं ना, तर जन्मभर बसतील."

"मग आता?" ताईने विचारले.

"आता काय? कुणीतरी आधी बोलायला पाहिजे. चूक माझी, मी यांना तसं शिकवलंच नाही."

ती आमच्याविषयी बोलत होती. पण पडदा हलला. बारक्या तिथे केव्हाचा उभा होता. तेवढ्यात दारातून बसचालक डोकावला, "ताई, झाला का हो?" ताई त्याच्याकडे न बघता नुसताच काउंटर पुसू लागली. तिची अशी अवस्था मी कधी पाहिली नव्हती.

बारक्या घसा खाकरून म्हणाला, "ताई, नंबर तोंडाने सांग."

ताईने त्याच्याकडे बघितले. "उजवा वजा दोन."

"उजवा वजा दोन."

"डावा वजा अडीच."

"डावा वजा अडीच," बारक्या म्हणाला. "काका, चहा घ्या, तोवर करतो. ताई, यापुढे असंच करू. तू सांग, मी परत म्हणून दाखवीन. म्हणजे सुई कुणाला दोन दिसणार नाही."

"कधीपासून सांगायचं होतं हे?" ताईने विचारले.

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो."

ताईने पदर डोळ्यांना लावला. "मी तू सांगशील म्हणून थांबले होते, गाढवा!" बसचालकाला काहीच समजले नाही, पण त्याला चष्मा मिळाला.

त्याच संध्याकाळी बारक्याच्या बायकोने मला दुरुस्त केले. थोडा वेळ थांब. उत्तर आले नाही तर ती जोडणी सोडून दे, नवी जोडणी कर आणि तोच प्रश्न पुन्हा विचार. शिवाय काम नसले तरी अधूनमधून जोडीदाराला "आहेस का?" असे विचारत जा. ताई बघत होती. म्हणाली, "हे आम्हालाही बसवून दे गं."

मग बरीच वर्षे चांगली गेली. चहाचे विचारणे पुन्हा सुरू झाले, तेही ओरडून. माझे काम कमी झाले. त्याचे मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पुढे काचा कारखान्यातूनच घासून येऊ लागल्या. बारक्याच्या बायकोची बदली दूरच्या गावी झाली आणि तोही तिच्याबरोबर गेला. मागच्या खोलीत आता रिकामी खोकी असतात. तिथला संगणक कुणीतरी उचलून नेला. माझा जोडीदार त्यात होता. मला कुणी सांगितले नाही.

मी विचारतो, "आहेस का?" थांबतो. जोडणी सोडतो. नवी करतो. "आहेस का?" पूर्वी मी एकाच प्रश्नावर अडून बसलो होतो, तेव्हा निदान उत्तर येईल असे वाटत तरी होते. आता दर वेळी नव्याने कळते की पलीकडे कुणी नाही, आणि दर वेळी मी नव्याने विचारतो.

परवा बारक्याची बायको एकटीच भेटायला आली होती. ताईच्या स्क्रीनवर 'उत्तर नाही, पुन्हा विचारत आहे' ही माझी ओळ बघून ती चपापली. "अगं बाई! हा बिचारा अजून चालू आहे? ताई, बंद करते मी याला."

"राहू दे," ताई म्हणाली. "दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी त्याची ती ओळ बघते, आणि मग मला सुचतं की आपण बारक्याला फोन करावा."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादे जुने काम बंद करताना त्याच्या भरवशावर कोण थांबले आहे ते बघा, आणि त्याला तसे सांगा. कुणी विचारले तर उत्तर द्या, 'नाही' असले तरी द्या. आणि उत्तर आले नाही, तर ते मुद्दाम दिले नाही असे धरून बसू नका. कदाचित तुमचा प्रश्नच पोचला नसेल.

आज दुपारी ताईने फोन लावला. घंटी बराच वेळ वाजली आणि थांबली. तिने पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटी. तिने चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि परत फोन लावला.

"हं, बोल ताई," बारक्याचा आवाज आला.

उत्तर मला नव्हते. पण आले.