दूध उतू घालायचं राहिलं

या गावानं आम्हाला पैसे देऊन बोलावलं. खरंच! घरून काम करणारा इंजिनिअर इथे येऊन वर्षभर राहिला, की गाव त्याला दहा हजार डॉलर देतं. माझ्या नवऱ्याला, शैलेंद्रला, एवढं निमित्त पुरलं. त्याच्या पायाला भिंगरीच आहे. रेडमंडला तो पावसाला कंटाळला, चँडलरला उन्हाला, सांता क्लाराला घरभाड्याला. कॅन्ससमधल्या या गावात तो कशाला कंटाळणार, याचीच मी आल्यापासून धास्ती घेतली होती.

प्रत्येक नव्या घरात सामान उघडण्याआधी मी दूध उतू घालते. माझी आई घालायची, म्हणून मीही. आमची केया लहानपणी स्टुलावर चढून बघायची आणि दूध वर आलं की टाळ्या पिटायची. इथे मात्र शैलेंद्र म्हणाला, "अगं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. काचेची शेगडी आहे, डाग पडला तर डिपॉझिट जाईल." मीही दमले होते. राहू दे म्हटलं. पण मनाला चुटपुट लागली ती लागलीच.

केया आता चौदाची आहे. शेजारच्या हॅनाबरोबर ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. दोघी अंगणात इतका बेसूर सराव करतात की विचारू नका, पण पोरीला इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. तिच्या खोलीतली खोकी मात्र अजून टेप लावून तशीच पडलेली. त्यावरून मी वर्षभर तिच्यावर ओरडले. ती नुसते खांदे उडवायची.

शनिवारी सकाळी शैलेंद्र लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. वर्ष भरलं होतं, पैसे जमा झाले होते.

"मंजू, हे बघ. ओहायोतलं एक शहर पंधरा हजार देतंय. शिवाय जिम फ्री. अप्लाय करूया?"

माझं डोकंच फिरलं. "जिमला तू शेवटचा कधी गेला होतास रे?"

"यार, मी सीरियसली बोलतोय."

केया दारात उभी होती. मला वाटलं, आता रडेल, दार आपटेल. ते परवडलं असतं. तिनं मुकाट्यानं पातेलं घेतलं, काठोकाठ दूध ओतलं आणि शेगडी फुल केली.

"केया, काय चाललंय?" शैलेंद्रनं विचारलं.

"वी नेव्हर डिड इट हिअर," ती म्हणाली.

दूध चढू लागलं तसा शैलेंद्र धावला. "अगं, बंद कर! काच खराब होईल!"

मी त्याचा हात धरला. इतका घट्ट, की तो माझ्याकडे बघतच राहिला.

दूध उतू गेलं, काचेवर पसरलं, करपलं. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. या वेळी केयानं टाळ्या पिटल्या नाहीत. तिनं शेगडी बंद केली, बापाकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली,

"बाबा, आता माझी खोकी उघडू?"