अकराचा ढीग

चोराने निदान चोरलेला माल तरी नीट मोजून घ्यावा. मी तेवढंही केलं नाही, आणि मी गणिताचा मास्तर होतो.

ही गोष्ट एकीकरणाच्या वर्षांतली. छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आमच्या बुऱ्हाणपूरला भोपाळहून हुकूम येऊ लागले. चार जुन्या मुलखांतले मास्तर आता एकाच यादीत बसवायचे होते. कोण वर, कोण खाली, यावरून एका डब्यात जेवणारे लोक एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. यादीत वर असेल तो हेडमास्तर होणार. त्यासाठी जो फॉर्म भरून द्यायचा होता त्यात एक रकाना होता, ‘प्रकाशित लेखन’. माझा तो रकाना कोरा होता.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी थोरली बहीण कमलअक्का. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. शिक्षण सातवीपर्यंत, पण माझ्या वर्गाच्या वह्या तीच तपासायची. मास्तर मी आणि मेहनत तिची, असा आमचा कारभार होता. मुलांनी पाडलेले अवयव तपासता तपासता तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. बारा म्हणजे दोन, दोन, तीन. अठरा म्हणजे दोन, तीन, तीन. अवयव तेच, फक्त कोण कितीदा आला एवढाच फरक. प्रत्येक अवयव एकदाच धरला, तर दोघांचंही मूळ सहा. मग तिनं एकपासून हजारापर्यंतच्या सगळ्या संख्यांचे मुळाप्रमाणे ढीग लावले. सहाच्या ढिगात सहा, बारा, अठरा, चोवीस. दहाच्या ढिगात दहा, वीस, चाळीस. तीस त्यात नाही, कारण तीसमध्ये तीन शिरतो, म्हणून तीसचा ढीग वेगळा.

ढीग न लावताही तो केवढा आहे हे सांगायची तिची युक्ती होती. शंभरापर्यंत सहाच्या ढिगात किती? शंभरला सहाने भागायचं, सोळा येतात. मग एकपासून सोळापर्यंत ज्यांच्यात दोन आणि तीनखेरीज दुसरा अवयव नाही, तेवढे मोजायचे. हे तिनं मला जेवताना समजावून सांगितलं होतं. मी छान म्हणालो आणि ताक मागितलं.

फॉर्म आला तेव्हा मात्र मला ती वही आठवली. अक्का दोन दिवस जैनाबादला मावशीकडे गेली होती. मी फळीवरून वही काढली आणि एका बैठकीत लेख लिहून टाकला. विद्वत्ता दिसावी म्हणून ढिगाला ‘कुळ’ म्हटलं. शेवटी शंभरापर्यंतच्या एकसष्ट कुळांची सारणी जोडली, प्रत्येकासमोर त्या कुळात किती संख्या ते लिहिलं. खाली माझं नाव, त्यापुढे माझी पदवी. लेख नागपूरच्या एका शिक्षक मासिकाला पाठवला आणि वही होती तशी फळीवर ठेवली.

वहीत प्रत्येक ढिगाची पहिली संख्या वर एकटी लिहिलेली होती. तिच्याजवळ ‘लाभ’ असा शब्द, आणि बाकीच्या संख्या खाली ओळीत. पानावर श्री लिहितात तसं हे शुभाचं असेल, असं धरून मी फक्त खालच्या ओळींतल्या शंभरापर्यंतच्या संख्या मोजल्या. घाई होती. शिवाय दुसऱ्याच्या वस्तूवर हात टाकताना माणूस फार वेळ तिच्याकडे बघत नाही.

अंक आला तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी परतलो तर अक्का ओसरीवर बसली होती. तूरडाळीची थाळी बाजूला सारलेली, मांडीवर अंक उघडा. बायकांच्या नावाचा लेख ते छापत नाहीत, ही थाप मी महिनाभर घोकून ठेवली होती. तिची गरजच पडली नाही.

“विनू, सहाचे आठच कसे लिहिले तू?”

“वहीत शंभरापर्यंत आठच आहेत,” मी म्हणालो, आणि चोरी माझ्याच तोंडून कबूल झाली.

“आणि लाभ?”

मला काही कळेना. मग तिनं बाबांची आठवण काढली. बाबा दाणाबाजारात मापारी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला ते कधी ‘एक’ म्हणत नसत. पहिलं ओतताना ‘लाभ’, आणि पुढे दोन, तीन. लहानपणी आम्ही दोघं पोत्यांवर बसून हे रोज ऐकत होतो.

“बाबांचं पहिलं माप रिकामं राहायचं का रे?” ती म्हणाली. “शंभर संख्या वाटल्या तर जोड शंभर यायला पाहिजे. तुझी एकोणचाळीस येते. एकसष्ट ढिगांची एकसष्ट मापं सांडली तू.”

तिनं पान उलटलं आणि एका जागी बोट ठेवलं.

“अकराला तू शून्य लिहिलं. शंभरापर्यंत त्याच्या ढिगात दुसरं कोणी नाही, ते सही आहे. पण तो स्वतः तर आहे ना?”

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. ती खरंच अकराबद्दल बोलत होती, आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवेना. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

नावाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. दुरुस्ती पाठव, नाहीतर कोणी चुकीचं शिकेल, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं. सारणीतील प्रत्येक संख्येत एक मिळवून वाचावे. खाली माझी सही. कार्ड अर्ध्याहून जास्त कोरं होतं, तिच्या नावाला भरपूर जागा होती. मला तो फॉर्मातला रकाना दिसत राहिला आणि मी कार्ड पेटीत टाकून आलो.

यादी लागली. मी वर होतो, आणि खकनारला हेडमास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. माझी ट्रंक अक्कानंच भरली. तिथं पोचून उघडली तर धोतरांच्या खाली ती वही होती.

मी पानं चाळली. प्रत्येक ‘लाभ’च्या शेजारी तिनं पेन्सिलीनं एक लिहिला होता. हजारापर्यंतचे सहाशे आठ ढीग, सहाशे आठ एक. बाबांची रीत तिनं कधी मोडली नव्हती, ती माझी पुन्हा चूक होऊ नये म्हणून मोडली होती. अकराच्या पानावरही तसाच एक होता, जरा दाबून काढलेला.

वहीवर तिचं नाव नव्हतं. ते मी घालीन असं तिला वाटलं असावं. आज घातलं, ती जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.